पांढरीखाली झाकलेला खान्देश

(दीपनगर येथील वसाहतीत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

दीपनगरच्या रहिवाशांना राखेची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. औष्णिक विद्युत केंद्राच्या आसपास ज्यांचे संसार आहेत, त्यांच्या अंगणातल्या तुळशीच्या पानांवरही राख बसलेली असते. कोळसा जळतो, वीज तारांवरून दूरदूरच्या गावांना जाते आणि राख मात्र येथेच राहते. हा अनुभव वाटतो तितका आधुनिक नाही. मनुष्य जेथे चूल पेटवतो तेथे राख साठते. त्या राखेत शेण मिसळते, चुना मिसळतो, पडलेल्या मातीच्या भिंतींचा ढिगारा आणि फुटलेल्या मडक्यांची खापरे मिसळतात. अशा शेदोनशे पिढ्या नव्हे, दहावीस पिढ्या जरी एका जागी नांदल्या, तरी तेथील माती भोवतालच्या काळ्या रानाहून निराळी, पांढुरकी दिसू लागते.

आपल्या पूर्वजांच्या नजरेने हा भेद अचूक टिपला होता. मराठी मुलखात गावाच्या जमिनीचे दोनच मुख्य भाग मानले गेले. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळीत राबायचे आणि पांढरीत राहायचे. पुढे दुष्काळाने, पुराने किंवा रोगराईने गाव उठून गेले, घरे पडली, नावही विस्मरणात गेले, तरी पांढरी तेथेच उरली. तापी, गिरणा, पांझरा, गोमाई अशा नद्यांच्या काठाने चालत गेल्यास शेतांच्या मधोमध एखादे पांढुरके टेकाड दिसते. गावातील वृद्धांना एवढेच ठाऊक असते की, 'येथे पूर्वी गाव होते'. किती पूर्वी, याचे उत्तर मात्र कुदळ आणि कुंचला हाती घेऊन बसणाऱ्या अभ्यासकाकडेच मागावे लागते.

शालेय पाठ्यपुस्तकांतून मानवी संस्कृतीच्या उदयाची कथा सहसा नाईल, युफ्रेटिस आणि सिंधू या तीन नद्यांच्या काठावर सांगितली जाते. त्यात असत्य काही नाही. इ.स.पू. चौथ्या सहस्रकाच्या अखेरीस सुमेर देशातील उरुक नगरीत मातीच्या पाटीवर हिशेब लिहिले जाऊ लागले. सिंधूकाठच्या महानगरांचा शोध दयाराम साहनी यांनी १९२१ मध्ये हडप्पा येथे आणि राखालदास बॅनर्जी यांनी त्यानंतर लगेच मोहेंजोदडो येथे केलेल्या कामातून लागला. सर जॉन मार्शल यांनी १९२४ च्या सप्टेंबरमध्ये ती वार्ता जगापुढे ठेवली आणि भारताचा इतिहास एका दिवसात काही सहस्र वर्षांनी मागे गेला. परंतु हे सारे वाचून वर्गातून बाहेर पडणाऱ्या भुसावळच्या किंवा चाळीसगावच्या विद्यार्थ्याच्या मनात एक प्रश्न उमटायला हवा, आणि तो क्वचितच उमटतो. त्या वेळी तापीच्या काठी कोण राहत होते?

या प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ तापीपाशी नव्हे, तर सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी करावा लागतो. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे हे स्थान खान्देशातील बहुतेक घरांना पाटणादेवीमुळे परिचित आहे. गणिताची आवड असणाऱ्यांना ते भास्कराचार्यांमुळे ठाऊक असते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी येथे मठ स्थापिला, असे तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख सांगतो. त्या मठाहूनही कितीतरी जुने असे काही याच परिसरातील मातीच्या थरांत दडलेले होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये येथे उत्खनन केले. अश्मयुगाच्या मध्य टप्प्यापासून लहान लहान दगडी पात्यांच्या काळापर्यंतचे थर येथे एकावर एक मिळाले. आणि त्यांतील एका थरात निघाली शहामृगाच्या अंड्याची कवचे.

शहामृग! आज आफ्रिकेत धावणारा हा पक्षी त्या काळी आपल्या देशात होता. काही काळ विद्वानांनाही हे पटत नव्हते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात राजस्थान व मध्य प्रदेशातील अशाच प्राचीन कवचांतून जनुकीय द्रव्य मिळवण्यात आले आणि ते आफ्रिकी शहामृगाशी जुळले, तेव्हा शंका मिटली. पाटण्याच्या कवचांचे कार्बन पद्धतीने काढलेले वय सुमारे २५,००० वर्षे आहे. त्यांतील एका तुकड्यावर आडव्या-तिरप्या रेघांची नक्षी कोरलेली आहे. काही कवचांचे मणी केलेले आहेत.

या मण्यांपाशी थोडे थांबणे उचित ठरेल. मणी करणे हे घाईचे काम नाही. कवच फोडून लहान तुकडा घ्यायचा, गारगोटीच्या टोकाने त्याला मधोमध भोक पाडायचे, भोक पाडताना तो फुटला की दुसरा घ्यायचा, मग कडा दगडावर घासून गोल करायच्या. शेती नव्हती. धान्याचे कोठार नव्हते. उद्या शिकार मिळेल की नाही, याची शाश्वती नव्हती. अशा अवस्थेत कोणीतरी आपला वेळ पोटासाठी नव्हे, तर गळ्यातील माळेसाठी दिला. ती माळ स्वतःसाठी होती, लेकीसाठी होती की विवाहाची खूण होती, हे आता कोणी सांगू शकणार नाही. परंतु 'हा आपल्यातला' किंवा 'ही आपल्यातली' हे पाहताक्षणी सांगणारी खूण माणसाला हवीशी वाटू लागली होती, एवढे निश्चित. समाज नावाची वस्तू याच ठिकाणी जन्म घेते. नगरे आणि राजवाडे फार नंतरचे.

कणगी आधी, किल्ला नंतर

भटक्या जीवनाकडून शेतीकडे झालेला प्रवास सर्वत्र सारखा झाला नाही. सिंधूच्या पश्चिमेस, बोलन खिंडीच्या तोंडाशी असलेल्या मेहरगढ येथे इ.स.पू. ७००० च्या सुमारास गहू-जव पिकू लागले होते. दख्खनमध्ये मात्र स्थिर खेडी दिसू लागतात ती इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात. या पहिल्या खेडुतांच्या संस्कृतीला अभ्यासकांनी जे नाव दिले, ते खान्देशातल्याच एका गावाचे आहे. शहादे तालुक्यात तापीच्या काठी सावळदे नावाचे गाव आहे. तेथे मिळालेल्या विशिष्ट रंगीत खापरांवरून ती 'सावळदा संस्कृती' म्हणून ओळखली जाते. जगभरच्या पुरातत्त्वाच्या ग्रंथांत आपल्या एका लहानशा खेड्याचे नाव कायमचे कोरले गेले आहे, हे त्याच जिल्ह्यातील किती शाळांत सांगितले जात असेल?

सावळदा मडक्यांवरील चित्रे पाहण्यासारखी आहेत. बाणांची टोके, गळ, मासे, शस्त्रे. ज्यांच्या घरात धान्य आले होते, पण मनातून शिकार आणि नदी गेली नव्हती, अशा माणसांची ती चित्रे आहेत. धुळे जिल्ह्यातील कावठे येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात याच काळातील वस्ती उजेडात आली. डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. वसंत शिंदे आणि डॉ. शुभांगी अत्रे यांनी त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. जमिनीत खड्डा खणून त्यावर छप्पर घातलेली घरे तेथे आढळली. यातील डॉ. शिंदे यांनीच पुढे हरियाणातील राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या महानगराचे उत्खनन केले. खान्देशच्या खड्ड्यांतल्या झोपड्यांपासून राखीगढीच्या विटांच्या भिंतींपर्यंतचा हा एका अभ्यासकाचा प्रवास आहे. आणि त्या दोन्ही वस्त्या काळाने फार दूर नाहीत, हे लक्षात घ्यावे.

मग सिंधू संस्कृती आणि खान्देश यांचा काही संबंध होता काय? या प्रश्नाचे उत्तर देताना नकाशा पाहावा. तापी सुरतेपाशी समुद्राला मिळते. तिच्या मुखाजवळ मालवण येथे उत्तरकालीन हडप्पा संस्कृतीची वस्ती सापडली आहे. तेथून तापीच्या खोऱ्याने वर आले की खान्देश, आणि खान्देशातून घाट चढून दक्षिणेकडे उतरले की गोदावरी-प्रवरेचे खोरे. सुरत-भुसावळ लोहमार्ग बांधणाऱ्या अभियंत्यांनी जी वाट निवडली, तीच वाट चार हजार वर्षांपूर्वी गुरांच्या खुरांनी मळली होती. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, सावळदा वस्तीच्या वरच्या थरात उत्तरकालीन हडप्पा लोकांचा थर मिळाला. सिंधू लिपीची अक्षरे असलेल्या मातीच्या दोन मुद्रा आणि तशीच अक्षरे कोरलेली काही खापरे तेथे निघाली. एका दफनाच्या खड्ड्याला लावलेल्या कच्च्या विटांची मापे ४:२:१ या प्रमाणात होती. विटेचे हे प्रमाण सिंधूच्या नगरांत सर्वत्र आढळते. राजा कोण होता, सैन्य किती होते, हे आपल्याला ठाऊक नाही. पण हडप्पापासून प्रवरेपर्यंत गवंड्याचे माप एक होते. लांबच्या प्रदेशांना जोडणारे असे धागे तलवारीचे नसतात, मापाचे, तराजूचे आणि विश्वासाचे असतात.

अर्थात येथे संयमही हवा. मुद्रा मिळाल्या म्हणून दायमाबादला दुसरे मोहेंजोदडो म्हणणे योग्य होणार नाही. तेथे रुंद रस्ते नव्हते, पक्क्या विटांची गटारे नव्हती. ते एक मोठे खेडे होते. मातीने जेवढे दिले तेवढेच सांगावे. तेवढेही अभिमान वाटावा इतके आहे.

सावळदा आणि हडप्पा थरांनंतर माळव्यातून आलेले शेतकरी आणि त्यानंतर 'जोर्वे संस्कृती'चे लोक असा क्रम महाराष्ट्रात दिसतो. जोर्वे हे संगमनेरजवळचे गाव. तेथे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. तांबड्या, खणखणीत भाजलेल्या मडक्यांवर काळ्या रंगाची नक्षी आणि तोटीची भांडी ही या लोकांची ओळख. इ.स.पू. १४०० ते १००० या काळात कोकणपट्टी आणि विदर्भाचा काही भाग वगळता जवळजवळ साऱ्या महाराष्ट्रात ही खेडी पसरली होती. प्रत्येक खोऱ्यात एक मोठे गाव आणि त्याभोवती लहान वस्त्या, अशी रचना अभ्यासकांना दिसते. प्रवरेच्या खोऱ्यात दायमाबाद, भीमेच्या खोऱ्यात इनामगाव आणि तापीच्या खोऱ्यात प्रकाशे. गोमाई आणि तापीच्या संगमावरचे हे प्रकाशे खान्देशात 'दक्षिण काशी' म्हणून पूजिले जाते. तेथील उंच टेकाडात बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये खणले, तेव्हा आजच्या भाविकांच्या पायांखाली ताम्रपाषाण युगातील घरे निघाली. गिरणेच्या काठी बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी काम केले आणि समोरच्या तीरावर टेकवाडे येथे त्याच लोकांची दफने मिळाली. देशपांडे पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले.

या साऱ्या गावांपैकी ज्याचे घर न् घर तपासले गेले, ते म्हणजे पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील इनामगाव. १९६८ पासून जवळजवळ पंधरा वर्षे तेथे उत्खनन चालले आणि शंभराहून अधिक घरे उजेडात आली. प्रकाशे आणि बहाळच्या माणसांचे जीवन कसे असेल, याची कल्पना इनामगाववरूनच करता येते. जव हे त्यांचे मुख्य पीक होते. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. पुराचे पाणी वळवून घेण्यासाठी सुमारे २०० मीटर लांबीचा पाट खोदलेला होता. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर होते, इतरांहून मोठे, आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार.

या कोठाराचे महत्त्व दीपनगरच्या माणसाला इतर कोणापेक्षा अधिक चांगले कळावे. केंद्रात निर्माण होणारी वीज त्याच क्षणी कोणीतरी वापरावी लागते; ती पोत्यात भरून फडताळात ठेवता येत नाही. शिकाऱ्याच्या अन्नाचेही तसेच होते. मारलेले हरीण दोन दिवसांत खाऊन संपवावे लागे. धान्य मात्र साठते. कणगीत, रांजणात, पेवात ते वर्षभर राहते. एकदा ते साठू लागले की त्याची राखण कोण करणार, दुष्काळात ते कोणाला किती द्यायचे, पाटाचे पाणी आधी कोणाच्या शेतात सोडायचे, हे प्रश्न उभे राहतात. त्यांची उत्तरे एकट्याने देता येत नाहीत. मुखिया, पंच, रीत, कर, न्याय हे सारे त्या कोठाराच्या दाराशी जन्माला आले आहे. सुमेरमधील लेखनकला तरी कशासाठी निघाली? कोठारात किती जव आले आणि किती गेले, हे टिपण्यासाठी. काव्य नंतर लिहिले गेले.

जमिनीखालची लेकरे

जोर्वे लोकांची एक रीत ऐकताना मन गलबलून जाते. घरातील लहान मूल दगावले, तर ते गावाबाहेर नेत नसत. दोन मडकी घेऊन त्यांची तोंडे एकमेकांना जोडत, त्यांत ते बाळ ठेवत, आणि ती घरातच, जमिनीखाली पुरत. त्याच जमिनीवर त्याची आई दळीत, रांधीत, निजत असे. अशी मडकी इनामगावला आणि दायमाबादला मोठ्या संख्येने मिळाली आहेत. बालमृत्यूचे प्रमाण किती भयंकर असेल, याची कल्पना त्यावरून येते. आणि मेलेले मूलही घराबाहेर काढवत नव्हते, हेही कळते. मोठ्या माणसांनाही घराच्या जमिनीखाली उत्तरेकडे डोके करून पुरत. मात्र पुरण्यापूर्वी घोट्यापासून त्यांची पावले तोडत. मृताने आपल्याला सोडून दूर जाऊ नये, अशी त्यामागची भावना असावी, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेल्या एका पुरुषाची पावले मात्र शाबूत होती. तो कोणी मानाचा पुरुष असावा. मृत्यूतही भेद दिसू लागला होता, ही त्या कोठाराचीच दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही.

इनामगावातच मातीच्या एका लहान पेटीत कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्यासोबत बैल होता. खान्देशातील कानबाईच्या उत्सवाची आणि पोळ्याची आठवण येथे कोणालाही होईल. मोह होतो, पण तीन हजार वर्षांची सलग साखळी जोडणारे पुरावे हाती नाहीत. तेव्हा एवढेच म्हणावे की मातृशक्ती आणि बैल यांची जोडी या भूमीतील कुणबी माणसाच्या मनात फार जुनी आहे.

इ.स.पू. १००० च्या सुमारास हे चित्र पालटले. पाऊस कमी होत गेला, असे अनुमान आहे. तापी आणि गोदावरीच्या खोऱ्यांतील खेडी उठून गेली. केवळ भीमेच्या खोऱ्यात काही गावे तग धरून राहिली. इनामगावातील चौकोनी मोठ्या घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, मडकी ओबडधोबड झाली, पीक घटले आणि शिकारीवरचा भर पुन्हा वाढला. इ.स.पू. ७०० च्या आसपास तेही गाव ओस पडले. कोणी आक्रमक आला आणि त्याने ते जाळले, असे दिसत नाही. पाणी गेले आणि माणसे गेली. प्रकाशे पुन्हा वसले ते लोखंडाचा नांगर आणि कुऱ्हाड हाती आल्यानंतरच्या युगात.

हे सारे ज्ञान ज्या टेकाडांतून मिळाले, त्यांची आजची अवस्था काय आहे? पांढरी माती धाब्याच्या घरांच्या छतासाठी चांगली म्हणून गावकरी पूर्वीपासून पाटीपाटीने नेत आले. त्याने फारसे बिघडत नव्हते. आता पाटीची जागा यंत्राने घेतली आहे. शेतात खतासारखी पसरायला, वीटभट्टीला, रस्त्याच्या भरावाला माती हवी असते आणि एका रात्रीत ट्रॅक्टरच्या खेपांनी अर्धे टेकाड नाहीसे होते. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. शेतकऱ्याला ती केवळ कसदार माती वाटते. पण चार हजार वर्षांत एकदाच लिहिले गेलेले ते पुस्तक असते आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नसते. १९५८ चा पुरातत्त्वविषयक कायदा आहे; परंतु संरक्षित म्हणून घोषित झालेली स्थळे मोजकी आहेत आणि पांढऱ्या असंख्य. तेथे राखणदार एकच असू शकतो, तो म्हणजे त्या गावचा शिक्षक, सरपंच, मोहल्ल्यातला तरुण किंवा शाखेतला कार्यकर्ता. जमिनीत भांडे, नाणे, मूर्ती काही मिळाले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावयाचे असते, हेही पुष्कळ सुशिक्षितांना माहीत नसते.

दायमाबादला १९७४ मध्ये जे घडले ते म्हणूनच पुन्हा सांगितले पाहिजे. छबू लक्ष्मण भिल्ल हा तेथील एक भिल्ल समाजातील माणूस झाडाचे मूळ खणून काढत होता. कुदळ धातूवर आपटली. मातीतून चार वस्तू बाहेर आल्या. भरीव तांब्याचा हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जोडलेला रथ. एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक. त्यांचा नेमका काळ कोणता, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत; कोणी त्या उत्तरकालीन हडप्पा काळातील मानतात, तर काहींनी त्या पुष्कळ नंतरच्या ठरवल्या. त्यांच्या घडणीबद्दल मात्र दुमत नाही. रथ ४५ सेंटिमीटर लांब आहे. त्यात १६ सेंटिमीटर उंचीचा एक पुरुष उभा आहे आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रा. साठ किलो तांबे भंगाराच्या तराजूवर गेले असते, तर त्या दिवशी एका गरीब घराची कित्येक महिन्यांची चूल पेटली असती. ते गेले नाही. पुढच्याच वर्षापासून त्या टेकाडावर पुन्हा उत्खनन सुरू झाले आणि सावळदा, हडप्पा, माळवा व जोर्वे यांचे थर एकाखाली एक उलगडत गेले.